गाडीचा पंखा का थांबला?



वैशाखाचे ऊन आपल्या वऱ्हाडाला नवे नाही. अमरावती-अकोल्याकडे मे महिन्यात पारा ४४-४५ अंशांवर जातो. त्याच दिवसांत लग्नसराई असते. दवाखान्याच्या खेपाही चुकत नाहीत. चांदूर बाजारहून अमरावतीला, परतवाड्याला किंवा मोर्शीला जायचे म्हणजे अंगाची काहिली होते. म्हणून भाड्याची गाडी ठरवताना लोक आधी विचारतात, "भाऊ, एसी हाय ना?"

एसी म्हणजे गाडीतली हवा थंड करणारे यंत्र. ते बिघडले की गिऱ्हाईक दुसरी गाडी पाहते. ड्रायव्हरची दिवसाची कमाई बुडते. गाडीत आजारी माणूस किंवा तान्हे मूल असले तर त्याच्या जिवाला घोर लागतो. ड्रायव्हर घाईघाईने गॅरेज गाठतो. तिथे दोष नीट शोधला गेला तर बरे. नाही तर आज गॅस भरला, उद्या मोटार बदलली, परवा आणखी काही. हजारो रुपये जातात आणि शेवटी कळते की दहा-वीस रुपयांचा फ्यूज जळला होता!

हे टाळता येते. त्यासाठी मोठे मिस्त्री व्हावे लागत नाही. एक-एक गोष्ट क्रमाने पाहावी लागते. ती कशी पाहावी, हे आपण या पाठात शिकू.

पंखे दोन असतात

एसीच्या कामात दोन पंखे असतात. त्यांची ओळख आधी करून घेऊ.

पहिला पंखा गाडीच्या आत असतो. याला ब्लोअर म्हणतात. बहुतेक गाड्यांत तो समोर डाव्या बाजूला, सामानाच्या कप्प्याखाली दडलेला असतो. तो हवा ओढतो, थंड नळ्यांच्या जाळीतून पुढे ढकलतो आणि आपल्या तोंडावर सोडतो.

दुसरा पंखा बॉनेटखाली, रेडिएटरजवळ असतो. गाडीतली उष्णता नळ्यांतून पुढच्या जाळीत येते. हा पंखा त्या जाळीवर वारा घेतो आणि ती उष्णता बाहेर टाकतो. पुष्कळ गाड्यांत इंजिनाचे पाणीही याच पंख्याने थंड होते.

म्हणजे एक पंखा थंडावा आत आणतो. दुसरा उष्णता बाहेर घालवतो. दोघांपैकी एक थांबला तरी एसीचे काम बिघडते.

मोटारगाडीत अशी सोय पहिल्यांदा १९३९ साली झाली. अमेरिकेतल्या पॅकार्ड कंपनीने ती केली. त्या गाडीत एसी बंद करायचे बटणच नव्हते. इंजिन थांबवून, खाली उतरून पट्टा काढावा लागे! बटण होते ते फक्त आतल्या पंख्याचे. म्हणजे तेव्हापासून गारवा माणसापर्यंत पोचवण्याचे काम पंख्याकडेच आहे.

आधी वारा, मग गॅस

गॅरेजपुढे असे बोलणे नेहमी ऐकू येते.

"उस्ताद, एसी थंडच नाही करून राह्यला. गॅस भरून द्या."

"गॅसचं मंग पाहू, भाऊ. आधी सांगा, वारा येऊन राह्यला काय?"

"वारा तं बिलकूलच नाही येत."

"मंग गॅस भरून वारा कसा येईन?"

उस्तादांचे बोलणे खरे आहे. आपल्या घरच्या कूलरचेच पाहा. कूलरमध्ये पाणी असते, ओल्या ताट्या असतात आणि पंखा असतो. समजा, पंखा बंद पडला. आपण टाकी काठोकाठ भरली, तर वारा येईल काय? नाही येणार. गाडीतही तसेच आहे. गॅसचे काम नळ्या थंड करण्याचे. पंख्याचे काम वारा देण्याचे. पंखाच फिरत नसेल तर गॅस भरणे म्हणजे दुखणे रेड्याला आणि डाग पखालीला!

म्हणून पहिला प्रश्न हाच विचारावा : वारा येतो की नाही?

वारा येतच नसेल, तर दोष आतल्या पंख्याकडे शोधावा.

वारा जोरात येतो, पण थंड नाही. गाडी पळताना मात्र थोडा गारवा येतो आणि थांबली की गरम वारा सुटतो. असे असेल तर समोरचा पंखा पाहावा. गाडी पळते तेव्हा रस्त्यावरचा वारा जाळीला लागतो. थांबली की सारा भार पंख्यावर येतो.

वारा जोरात येतो, पण पळतानाही थंड नाही. समोरचा पंखाही ठीक फिरतो. असे असेल तरच गॅस, कॉम्प्रेसर यांची चौकशी करावी. ते काम जाणत्या मिस्त्रीचे.

हात लावण्यापूर्वी

गाडी सपाट जागी, सावलीत उभी करा. हँडब्रेक ओढा. बंद खोलीत किंवा बंद शेडमध्ये इंजिन चालू ठेवू नका. त्याच्या धुरातला विषारी वायू डोळ्यांना दिसत नाही, नाकाला कळत नाही, आणि माणूस बसल्या जागी मरतो.

हातातले कडे आणि अंगठी काढून ठेवा. गाडीची बॅटरी १२ व्होल्टची असते. तिचा घरच्या विजेसारखा झटका बसत नाही. पण पाना किंवा कडे दोन्ही टोकांना टेकले तर मोठी ठिणगी उडते आणि धातू तापून लाल होतो. हात भाजतो.

समोरच्या भागात पिवळ्या वेष्टणाच्या तारा दिसल्या तर त्यांना शिवू नका. त्या बहुधा एअरबॅगच्या असतात. एअरबॅग म्हणजे अपघातात फुगणारी पिशवी. ती चुकून फुगली तर जोराचा मार बसतो.

बटण फिरवा आणि कान द्या

आता चावी फिरवा. इंजिन चालू करायची गरज नाही. पंख्याचे बटण १, २, ३, ४ असे हळूहळू फिरवा. काय होते ते पाहा. कान द्या. वास घ्या. जे दिसले ते कागदावर लिहा. आता आपल्याला लिहिता येते, त्याचा हा उपयोग.

पंखा कुठल्याच आकड्यावर फिरत नाही : फ्यूज, तार, बटण किंवा मोटार, यांतले काहीतरी गेले आहे.

फक्त ४ वर फिरतो, १, २, ३ वर नाही : रेझिस्टर जळला असण्याचा संभव मोठा.

फिरण्याचा आवाज येतो, पण वारा कमी : फिल्टर किंवा पंख्याचे चाक कचऱ्याने भरले आहे.

खडखड, फडफड असा आवाज येतो : चाकात पान किंवा काडी अडकली आहे.

करकर, किंचाळल्यासारखा आवाज येतो : मोटारीचा बुश कोरडा पडला आहे किंवा झिजला आहे.

खड्ड्यात आदळल्यावर कधी चालतो, कधी थांबतो : कुठेतरी जोड सैल आहे.

सुरुवातीला वारा चांगला येतो, अर्ध्या तासाने कमी होतो आणि एसी थोडा वेळ बंद ठेवल्यावर पुन्हा येतो : आतल्या जाळीवर बर्फ जमत असावा. फिल्टर साफ करून पाहावा. तरी फरक पडला नाही तर मिस्त्रीला दाखवावे.

जळका वास आला तर बटण लगेच बंद करा. पुन्हा-पुन्हा चालवून पाहू नका.

पहिली दुरुस्ती म्हणजे झाडलोट

आपल्याकडे गाड्या कुठे उभ्या असतात? कडुलिंबाखाली, गोठ्याजवळ, नाही तर संत्र्याच्या बगीच्यात. काचेखालच्या फटीतून पाने, काड्या आणि धूळ आत जाते. जिनिंगजवळ कापसाचे तंतू उडतात. कधी उंदीरही आत घर करतो. हा सारा कचरा फिल्टरमध्ये आणि पंख्याच्या चाकात साठतो.

फिल्टर बहुतेक गाड्यांत सामानाच्या कप्प्यामागे असतो. कप्पा काढला की एक लहान झाकण दिसते. ते उघडून फिल्टर बाहेर ओढावा. झटकून धूळ काढावी. कागदी फिल्टर पाण्याने धुऊ नये. काळा पडला असेल, फाटला असेल किंवा उंदराने कुरतडला असेल तर नवा घालावा. फिल्टरवर बाणाची खूण असते. जुना जसा होता, त्याच बाजूने नवा बसवावा. जुन्या गाड्यांत काही वेळा फिल्टर नसतोच. तिथे पंख्याचे चाकच साफ करावे लागते.

संत गाडगेबाबा आपल्याच अमरावती जिल्ह्यातले. १९५६ साली वलगावजवळ त्यांनी देह ठेवला. गावात आले की ते आधी खराटा हाती घेत आणि कीर्तन मग करीत. गाडीच्या बाबतीतही हाच क्रम बरा. आधी खराटा, मग पाना.

फ्यूज म्हणजे पहारेकरी

कचरा काढूनही पंखा फिरत नाही, तर फ्यूज पाहू.

फ्यूजमध्ये एक बारीक तार असते. गरजेपेक्षा जास्त वीज वाहू लागली की ही तार वितळते आणि वीज थांबते. फ्यूज स्वतः जळतो आणि गाडी वाचवतो. म्हणून तो पहारेकरी.

फ्यूजची पेटी स्टिअरिंगखाली किंवा बॉनेटखाली असते. काही गाड्यांत दोन्हीकडे असते. झाकणाच्या आत कोणता फ्यूज कशाचा, ते छापलेले असते. अक्षरे इंग्रजी असतात. पण पंख्याचे लहान चित्रही बहुधा असते. आकडे तर आपण मोबाइलवर रोजच पाहतो.

चावी बंद करा. पेटीतल्या चिमट्याने फ्यूज सरळ ओढा. उजेडात धरा. आतली तार तुटलेली किंवा काळी पडलेली दिसली तर फ्यूज गेला. नवा फ्यूज त्याच आकड्याचा घालावा. रंगही ओळखीला उपयोगी पडतो. १० चा लाल, १५ चा निळा, २० चा पिवळा आणि ३० चा हिरवा असतो. १५ च्या जागी ३० चा घालू नये.

नवा फ्यूजही लगेच जळला तर तिसरा घालू नका. पहारेकरी सांगतो आहे की चोर आत आहे. कुठे तार घासून उघडी पडली असेल, उंदराने कुरतडली असेल किंवा मोटार अडकली असेल. ते शोधले पाहिजे.

काही लोक फ्यूजच्या जागी तांब्याची तार किंवा सिगारेटच्या पाकिटातली चांदी घालतात. पंखा फिरतो. त्यांना वाटते, काम झाले. पण आता पहारेकरी उरला नाही. मोटार अडकली की तारा तापतात, वरचे वेष्टण वितळते आणि गाडी पेटते. गॅसवर चालणारी गाडी असेल तर धोका आणखी मोठा. गाडीत बसलेल्या माणसांचा जीव त्या एका तारेवर टांगलेला असतो. एसीशिवाय घाम येईल, पण माणसे घरी पोचतील. तार घातली तर त्याचा भरवसा नाही. म्हणून बिनफ्यूजची तार कधीही घालू नका.

फक्त ४ वर का फिरतो?

बगीच्यात पाणी सोडताना आपण काय करतो? दांडात माती टाकून धार कमी करतो. माती काढली की पाणी पूर्ण सुटते. पंख्यालाही हळू फिरवायचे तर वीज थोडी अडवावी लागते. हे अडवण्याचे काम रेझिस्टर करतो.

१, २ आणि ३ वर वीज रेझिस्टरमधून जाते. ४ वर ती सरळ मोटारीला मिळते. म्हणून रेझिस्टर जळला तरी ४ वर पंखा चालतो. अशा वेळी मोटार चांगली असते. मोटार बदलण्याचा खर्च करू नये.

वीज अडवताना रेझिस्टर तापतो. म्हणून तो पंख्याच्या वाऱ्यातच बसवलेला असतो. फिल्टर तुंबला की त्याला वारा लागत नाही आणि तो जळतो. जड फिरणाऱ्या मोटारीनेही तो जळतो. तेव्हा नुसता नवा रेझिस्टर घालून भागत नाही. फिल्टर साफ करा. पंख्याचे चाक हाताने फिरवून पाहा. ते हलके फिरले पाहिजे. त्याचा प्लगही पाहा. तो वितळला असेल तर बदलून घ्या.

ज्या गाड्यांत थंडावा आपोआप कमी-जास्त होतो, त्यांत साध्या रेझिस्टरऐवजी दुसरा भाग असतो. ते काम मिस्त्रीकडूनच करून घ्यावे.

दिव्याची परीक्षा

फ्यूज चांगला आहे, पण पंखा कुठल्याच आकड्यावर फिरत नाही. आता दोष मोटारीत की तारेत? हे एक लहान दिवा सांगतो. १२ व्होल्टचा बल्ब घ्या. त्याला दोन तारा जोडा. मिस्त्री याला टेस्ट लॅम्प म्हणतात.

मोटारीचा प्लग काढा. चावी फिरवा. बटण ४ वर ठेवा. बल्बच्या दोन तारा प्लगच्या दोन टोकांना लावा.

बल्ब लखलखीत पेटला, म्हणजे वीज मोटारीपर्यंत पोचते आहे. दोष मोटारीत आहे.

बल्ब पेटला नाही किंवा मिणमिणला, म्हणजे वाटेत अडथळा आहे. रिले, बटण, जोड आणि अर्थिंगची तार पाहावी. अर्थिंगचा स्क्रू गंजला असेल तर तो खरडून घट्ट आवळावा. कितीदा एवढ्यानेच पंखा सुरू होतो.

मोटारीत दोष निघाला तरी ती लगेच फेकू नका. मोटारीवर हलकेच टिचकी मारल्यावर ती फिरू लागली, तर बहुधा तिचे कार्बन झिजले आहेत. विहिरीवरच्या मोटारीत बुश झिजतो, तसा इथेही झिजतो. काही मोटारींचे कार्बन आणि बुश बदलता येतात. काहींचे येत नाहीत. वाइंडिंग जळून काळे झाले असेल, करपट वास येत असेल, तर मात्र मोटार नवी घ्यावी. मोटार काढण्यापूर्वी बॅटरीची उणे खुणेची तार सोडून ठेवावी.

समोरचा पंखा आणि चिखलदऱ्याचा घाट

परतवाड्याहून चिखलदऱ्याला गाडी चढू लागली की वेग कमी होतो. समोरून वारा लागत नाही. इंजिनावर भार मात्र वाढतो. अशा वेळी समोरचा पंखा बंद असेल तर आधी एसी गरम होतो, मग इंजिन तापते. एसीने गरम वारा सोडला की तापमानाच्या काट्याकडे पाहायची सवय लावा.

काटा वर चढला तर एसी बंद करा. गाडी कडेला घ्या. इंजिन थांबवा. बॉनेटखालून वाफ येत असेल तर लगेच उघडू नका. रेडिएटरचे झाकण तर गरम असताना मुळीच उघडू नका. उकळते पाणी तोंडावर उडते.

हा पंखा तपासायचा तर इंजिन चालू करा, आतला पंखा लावा आणि एसीचे बटण दाबा. विजेचा पंखा असलेल्या पुष्कळ गाड्यांत तो थोड्याच वेळात फिरू लागतो. नाही फिरला तर त्याचा फ्यूज, रिले, प्लग आणि मोटार याच क्रमाने पाहावी. काही गाड्यांत हा पंखा इंजिनाच्या बळावर फिरतो. तिथे पट्टा सैल आहे काय, ते पाहावे.

पण एक सावधगिरी ठेवा. विजेचा पंखा इंजिन बंद असतानाही आपोआप सुरू होऊ शकतो. म्हणून इंजिन गरम असताना पात्यांजवळ हात, उपरणे किंवा पदर नेऊ नका. काम करायचे तर बॅटरीची तार सोडूनच करा.

जाळीत चिखल, किडे आणि कापूस अडकला असेल तर ती साध्या पाण्याच्या धारेने धुवावी. जोराच्या फवाऱ्याने तिचे पातळ पत्रे वाकतात. एसीचे पाइप मात्र कधी उघडू नका. त्यांत गॅस दाबाने भरलेला असतो. तो डोळ्यांत गेला तर डोळ्यांना इजा होते.

लेकरांची काळजी

पंखा बिघडलेल्या गाडीत, किंवा चांगल्या गाडीतही, लहान मुलांना काचा बंद करून एकटे ठेवू नका. उन्हात उभ्या असलेल्या बंद गाडीत दहा मिनिटांत सुमारे १० अंश उष्णता वाढते. "दुकानात जाऊन आता येतो" म्हणता-म्हणता अनर्थ होतो. एसी नसेल तर काचा उघडा, पाणी जवळ ठेवा आणि शक्य तर सकाळी लवकर निघा.

गॅरेजमध्ये काय विचारावे?

सारे काम आपल्यालाच जमेल असे नाही. न जमले तर मिस्त्रीकडे जावे. चांगल्या मिस्त्रीच्या हाताला मोल आहे. पण जाताना आपला कागद सोबत न्यावा. "एसी बिघडला" एवढेच सांगू नये. "वारा १, २, ३ वर येत नाही, ४ वर येतो. फिल्टर साफ केला. फ्यूज चांगला आहे," असे सांगावे. मिस्त्रीचा वेळ वाचतो आणि आपला पैसाही.

मग तीन गोष्टी विचाराव्या. दोष कशात निघाला? तो तपासला कसा? जुना भाग परत मिळेल काय? बिलावर काय लिहिले ते स्वतः वाचावे. वाचता येणारा माणूस सहसा फसत नाही.

आपल्या घरातल्या मुला-मुलींना या कामाची आवड असेल तर त्यांना शासकीय औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत, म्हणजे आयटीआयमध्ये घालावे. तिथे मोटारगाडीचे आणि विजेचे काम रीतसर शिकवतात.

ध्यानात ठेवा

१. वारा नाही तर गॅस नको. आधी पंखा पाहा.
२. स्वस्त ते आधी, महाग ते शेवटी : झाडलोट, फ्यूज, जोड, रेझिस्टर, मग मोटार.
३. फ्यूज त्याच आकड्याचा घाला. तार कधीच घालू नका.
४. समोरच्या पंख्याजवळ हात नेण्याआधी बॅटरीची तार सोडा.
५. बंद गाडीत लेकरू एकटे ठेवू नका.

सांगा पाहू

१. गाडी पळताना गारवा येतो आणि थांबली की गरम वारा येतो. कोणता पंखा पाहाल?
२. पंखा फक्त ४ वर फिरतो. मोटार बदलाल काय? का नाही?
३. फ्यूजला पहारेकरी का म्हटले आहे?

करून पाहा

गावातल्या एखाद्या गाडीवाल्या भाऊंना विनंती करा. फ्यूजच्या पेटीचे झाकण उघडून घ्या. त्यावरचे आकडे मोठ्याने वाचा. पंख्याचा फ्यूज कोणता आणि तो किती आकड्याचा, ते वहीत लिहा.